दर चार ठोक्यांना एक रेघ

मी या लॅबमध्ये लागले तेव्हा मला घरी बसून दोन वर्षं झाली होती. इंजिनिअरिंग झालं, मुलाखती झाल्या, 'कळवतो' हे ऐकून झालं. सुरुवातीला प्रत्येक नकाराला मी रडायचे. नंतर नंतर काही होईना. घरच्यांना वाटायचं पोरगी धीराची आहे. मी त्यांचा तो समज राहू दिला. नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्यांना तूप लावत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या पोळ्यांना तूप लावलं.

लॅब भिवंडीतच, आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, एका जुन्या गाळ्यात आहे. एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवतात, दुसऱ्या बाजूला मागांचा कारखाना. मागाची खटखट भिंतीतून येते, टेबलातून येते, खुर्चीतून येते. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात मला ती ऐकू येईनाशी झाली.

काम सांगायला सोपं आहे. वीज अडवणाऱ्या वस्तू आमच्याकडे येतात. स्विचबोर्डसमोर अंथरायच्या रबरी मॅट, फायबरच्या शीट, ट्रान्सफॉर्मरमध्ये घालायचा जाड पुठ्ठा, वार्निश चढवलेलं कापड. त्याचे पाच तुकडे कापायचे. एकेक तुकडा तेलाच्या टाकीत दोन पितळी चकत्यांच्या मध्ये धरायचा आणि व्होल्टेज चढवत न्यायचं. कधीतरी फट् असा आवाज होतो, मीटरचा काटा खाली पडतो, तुकडा फुटलेला असतो. बाहेर काढून पुसला की सुईने टोचल्यासारखं एक भोक दिसतं, कडेने तपकिरी झालेलं. काटा जिथून पडला तो आकडा वहीत लिहायचा. पाच तुकड्यांचे पाच आकडे, मग रिपोर्ट.

आमचं मशीन जुनं होतं, टाकीभोवती दार असलेली जाळी आणि चाक जाळीबाहेर. व्होल्टेज हाताने चाक फिरवून चढवावं लागे आणि ते चाक मामा फिरवत.

मामा म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने टेस्टर. सगळेच त्यांना मामा म्हणत, सरसुद्धा. सर म्हणजे लॅबचे मालक. मामा जवळच्या राहनाळ गावचे. त्यांची भातशेती होती तिथे आता गोडाऊन उभं आहे आणि त्याचं भाडं घरबसल्या येतं. त्यांचे दोन्ही मुलगे त्या गोडाऊनच्याच व्यवहारात. "पोरं बोलतात, बाबा, तुम्ही कनाला तिथं शॉक खायला जाता?" मामा डबा उघडताना सांगायचे. "मी बोल्लो, अरे, शॉक खानारा टेस्टर नसतो. तो गिऱ्हाईक असतो."

त्यांच्या डब्यात बहुतेक दिवशी सुक्या माशाचं काहीतरी असायचं. मी शाकाहारी असल्यामुळे ते डबा घेऊन दारापाशी जाऊन बसायचे. मी नको म्हटलं तरी. मला नको म्हणायलाही तीन दिवस लागले होते.

तरुणपणी मामा शेजारच्याच कारखान्यात मागावर होते. कानांनी कमी ऐकू यायचं ते तेव्हापासून. पण त्यांचा हात सगळ्यांना माहीत होता. एकाच शीटचे पाच तुकडे त्यांनी फोडले की पाचही आकडे एकमेकांच्या जवळ यायचे. माझ्या हाताने दोन जवळ आणि तीन कुठेतरी. गिऱ्हाईक आलं की सर सांगायचे, "ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं दर वर्षी ठरवतो. पण मामा आहेत तोवर कशाला?" मामा तेव्हा चाकावरचं तेल पुसत असायचे. ऐकू आलं की नाही ते कळायचं नाही. पण पुसणं थांबायचं.

शुक्रवारी मामा चाकाला हात लावत नसत. शुक्रवारी नमुने कापायचे, जाडी मोजायची, तेल गाळायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सुक्रवारी हात बसत न्हाय." मला वाटलं एखादा उपासबिपास असेल. मी पुढे विचारलं नाही. मी सहसा पुढे विचारत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर सरांनी सांगितलं की ऑडिटचे लोक येणार आहेत, रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला आहे. तुकडा किती सेकंदांत फुटला ते लिहायचं. नियम आधीपासून होताच. व्होल्टेज अशा वेगाने चढवायचं की तुकडा दहा ते वीस सेकंदांच्या मध्ये फुटेल. फार भरभर चढवलं तर वस्तूला दमायला वेळ मिळत नाही, ती आहे त्यापेक्षा दणकट असल्यासारखी दिसते. मामा कधी घड्याळ बघत नसत, पण सुरुवातीला सरांनी स्वतः तपासलं होतं म्हणे, अकरा-बारा सेकंद पडायचे. त्यानंतर कोणी मोजलं नव्हतं.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. पहिला तुकडा नऊ सेकंद. दुसरा पावणेनऊ. तिसरा नऊ. मला वाटलं मी बटण उशिरा दाबतेय. दुसऱ्या दिवशी दुसरा माल होता. साडेनऊ, नऊ, नऊ. मी रकाना पेन्सिलने भरला.

चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी मामा मशीन पुसत होते तेव्हा जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "मामा, चाक किती वेगाने फिरवायचं ते तुम्ही कसं ठरवता?"

"ठरवायचं काय त्यात? माग हाय ना."

"माग?"

"हात ठेव इथं." त्यांनी टेबलावर हात ठोकला. मी ठेवला. "जोरात ठेव, बाय, चपाती लाटत न्हायस. हां. लागतंय?"

मी ऐकणं सोडून दिलेली खटखट तळहाताला लागत होती. भिंतीपलीकडे अगदी चिकटून एक माग होता, त्याचा ठोका बाकीच्यांतून वेगळा कळत होता.

"चार ठोके, एक रेघ," मामा म्हणाले आणि चाकाभोवतीच्या खुणांवर बोट फिरवलं. "परत चार ठोके, परत एक रेघ. सरांनीच घड्याळ धरून बसवून दिलं होतं. घड्याळाकडं बघू का काट्याकडं? काट्यावरची नजर काढली की आकडा गेला. माग न्हाय चुकत. मानूस चुकतो."

म्हणून शुक्रवारी हात बसत नव्हता. शुक्रवारी कारखाना बंद असतो.

मी हात तसाच ठेवून मोबाइल काढला आणि एका मिनिटाचे ठोके मोजले. हिशेब मनातल्या मनात केला. पूर्वी चार ठोक्यांना दोन सेकंद लागत असतील तरच अकरा-बारा पडतात. आता दीडच्या थोडंसं वर लागत होते. मामांचा हात चुकत नव्हता, तो तंतोतंत मागाबरोबर चालला होता.

दुपारी नाक्यावरच्या टपरीवर त्या कारखान्यातला एक कारागीर चहा प्यायला आला. रोज दिसायचा. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. कप निम्मा होईपर्यंत वाक्य मनात जुळवलं.

"भैया, वो दीवार के पासवाला लूम... वो पहले से तेज़ चलता है क्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हसला. "आपको कैसे मालूम? सेठ ने मोटर की पुली बदलवाई है, दीदी. दिवाली के बाद से. अब वो भागता है और मैं उसके पीछे भागता हूँ. आप लोगों को आवाज़ का तकलीफ़ है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "तकलीफ़ नहीं."

दिवाळीनंतर म्हणजे पाच महिने. पाच महिन्यांच्या रिपोर्टांवर 'टेस्टेड बाय' खाली दोन सह्या होत्या. मामांची मराठीत, माझी इंग्रजीत.

मी मामांना सांगितलं. ते दारापाशी डबा खात होते, मी शेजारी उकिडवी बसले. पुली, ठोके, सेकंद, सगळं सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. खोकेवाल्यांकडचा माणूस वळून बघायला लागला.

मामा बराच वेळ काट्यातून मासा सोडवत राहिले. मग म्हणाले, "किती फरक पडतो?"

"थोडा. चांगला माल तरीही पास होतो. काठावरचा असेल तर..."

"तर नापास तो पास झाला."

"हो."

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगशील तेव्हा मला त्या चाकावर बसू देनार न्हाईत." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. डबा अर्धा राहिला होता. "पगाराचं सोड. घरी कोनी मला विचारत न्हाय, बाय. दोनी पोरं फोनवर. नातू फोनवर. इथं लोक इचारतात, मामांनी फोडला का? मामांनी फोडला म्हनजे झालं."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी त्यांच्या बोटांवरची हळद बघत बसले.

तोडगा त्यांनीच काढला. प्रत्येक मालाचे उरलेले तुकडे आम्ही सहा महिने ठेवतो, पाकिटात, नंबर टाकून. काठावर पास झालेले पाच महिन्यांतले सगळे काढायचे आणि योग्य वेगाने पुन्हा फोडायचे. सगळे पास झाले तर कोणाचं काही बिघडलं नाही, माग सोडून सेकंदांवर यायचं आणि विषय संपला. "आनि न्हाय झाले तर?" मी विचारलं नव्हतं, मामाच म्हणाले. मग स्वतःच उत्तर दिलं, "तेव्हाचं तेव्हा."

असे अकरा माल निघाले. शुक्रवारी सर ठाण्याला असतात. त्या शुक्रवारी आम्ही बसलो.

कारखाना बंद होता. मला इतके महिने शुक्रवारची शांतता कधी जाणवली नव्हती. मामा चाकावर बसले, नजर काट्यावर. मी जाळीच्या बाहेर मोबाइल घेऊन उभी. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सेकंद मोजायचे होते. मी शाळेत कधी वर्गात उभं राहून कविता म्हटलेली नाही. बाई नाव घेतील म्हणून बाकाखाली वाकून पेन्सिल शोधायचे.

"वन," मी म्हटलं. "टू."

"आं?"

"थ्री..."

मामांनी चाक शून्यावर आणलं. "मराठीत मोज. आनि पोटातून. माग काय असा बोलतो?"

"एक," मी ओरडले. "दोन. तीन. चार."

दोनला एक रेघ, चारला दुसरी, सहाला तिसरी. त्यांचा हात माझ्या आवाजावर चालत होता. अकराला आवाज झाला, फट्. मी काठी घेऊन आत गेले. दार उघडलं की मशीन बंद होतं, तरी आधी त्या लांब काठीचं धातूचं टोक चकतीला टेकवून उरलीसुरली वीज जमिनीत घालवायची, मगच हात घालायचा. तुकडा काढला, पुसला, दुसरा लावला. दार लावलं. "एक. दोन."

वीसच्या पुढचे मराठी आकडे मला नीट येत नाहीत, एकूणतीस की एकोणतीस याच्यात अजून अडखळते. त्याची गरज पडली नाही. सगळे तेराच्या आत फुटत होते.

जेवणापर्यंत सहा माल झाले, सहाही पास. मामांनी डबा दारापाशी न नेता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उघडला. माझ्या लक्षात आलं, पण मी काही म्हटलं नाही. "तुझा आवाज बसनार," ते म्हणाले. "बसू दे. लगीन झाल्यावर कामाला येईल बसका आवाज. नवरा घाबरतो."

सातवा पास. आठवा पास, अगदी काठावर. नववा रबरी मॅटचा. पाच तुकड्यांपैकी तीन पास व्हायच्या आकड्याखाली गेले. नियम असा आहे की आकडे फार पांगले तर आणखी पाच फोडायचे. आमचे पांगले नव्हते. तरी मामा म्हणाले, "आनखी पाच लाव."

लावले. त्यांतले चार खाली गेले.

दहावा पास झाला. अकरावाही मॅटच होती, त्याच कारखानदाराची, दुसरी खेप. तिचे पाचही तुकडे खाली.

मामांनी चाक शून्यावर आणून ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. वहीत मी आकडे लिहीत होते. शाई नीट उतरत होती, अक्षर नेहमीसारखं होतं. ती मॅट कुठेतरी कुठल्यातरी बोर्डासमोर अंथरलेली असणार आणि तिच्यावर कोणीतरी उभं राहत असणार, हे मला कळत होतं. वहीतल्या आकड्यासारखंच कळत होतं.

"आता?" मामा म्हणाले.

मी फुटलेले तुकडे पाकिटांत भरायला घेतले. सहा वाजता ते चप्पल घालून गेले, मी पाकिटं कपाटात ठेवली.

घरी जाऊन मी सरांसाठी एक पान लिहिलं. इंग्रजीत, कारण ऑफिसचं मला इंग्रजीतच लिहिता येतं. काय झालं, केव्हापासून, कोणते दोन रिपोर्ट मागे घ्यावे लागतील. एका ठिकाणी मी लिहिलं की वेग वाढल्याचं मामांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच पुन्हा टेस्ट घ्यायचं सुचवलं. दुसरा भाग खरा होता. पहिला भाग मी घातला. मला वाटलं त्याने त्यांची जागा राहील.

शनिवारी सकाळी सरांनी पान वाचलं. मग आम्हा दोघांना आत बोलावलं.

"बाहेर कोणाला बोलला आहात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी नाही म्हणून मान हलवली.

"ऑडिट दहा दिवसांवर आहे आणि तुम्ही मला हे आत्ता सांगताय." त्यांनी पान पुन्हा उचललं, चष्मा वर केला. आवाज थोडा खाली आला. "पण मामा, तुमचं कौतुक आहे. या वयात हे लक्षात येणं."

मामांनी कान पुढे केला. "काय?"

"पुलीचं. वेग वाढल्याचं तुमच्या लक्षात आलं ना? हिने लिहिलंय तसं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. फरशीवर तेलाचा एक जुना डाग आहे, सरांच्या टेबलाच्या पायाशी.

"मला न्हाय कळलं," मामा म्हणाले.

"मामा..." मी म्हटलं.

"मला न्हाय कळलं, सर. पाच महिने मी तसाच फिरवत होतो, काय पन कळलं न्हाय. हिला कळलं. हिनं मागवाल्याला जाऊन इचारलं." मग माझ्याकडे वळून, रागावल्यासारखे, "खोटं कनाला लिवलंस? आकडा बदलशील का उद्या, कोनाला बरं वाटावं म्हनून?"

मी "नाही" म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

सरांनी पान घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. एकेकाळी घड्याळ धरून ते ठोके त्यांनीच बसवून दिले होते, हे त्यांना आठवत होतं की नाही मला माहीत नाही. मी आठवण करून दिली नाही. मामांनीही नाही. शेवटी सर म्हणाले की दोन्ही रिपोर्ट मागे घेऊ, कारखानदाराला मॅट परत मागवायला सांगू, ते आपलं काम आहे. आणि मशीन आता घ्यावंच लागेल. "मामा, तुम्ही आता आराम करा. नमुने कापायला कधी वाटलं तर या."

"येतो," मामा म्हणाले.

ते बाहेर आले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. चहा आला, तो त्यांनी प्यायला. कप धुवून ठेवला. मग धाकट्या मुलाला फोन करून गाडी घेऊन यायला सांगितलं. एरवी ते रिक्षाने जात. पांढरी मोठी गाडी आली, गाळ्यासमोर वळली नाही म्हणून नाक्यावर थांबली, आणि मामा डबा घेऊन तिकडे चालत गेले. मी जाळीजवळ उभी होते. रडू येईल असं वाटून मी थोडा वेळ तशीच थांबले. आलं नाही. मग मी आठवड्याचं तेल गाळायला घेतलं.

दोन्ही खेपांच्या मॅट टेम्पोतून परत आल्याचं कारखानदाराने कळवलं. सगळ्या आल्या की नाही ते मी विचारलं. "जवळजवळ," असं उत्तर आलं. ऑडिटवाल्यांनी माझा कागद वाचला, एक शेरा मारला आणि चहा घेऊन गेले. मशीन आलं. तुकडा लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण. वेग, वेळ, आकडा, सगळं ते स्वतः करतं आणि छापूनही देतं. खाली आता एकच सही असते.

मामा नमुने कापायला आले नाहीत. महिन्याभराने, दुपारी, त्यांचा फोन आला. पाठीमागे टीव्ही चालू होता आणि कोणीतरी लहान मूल काहीतरी मागत होतं.

"बाय, मी बोलतोय."

"हं, मामा. कसे आहात?"

"मशीन कसं हाय?"

मी जाळीबाहेर जाऊन मोठ्याने म्हटलं, "चांगलं आहे."

"आकडे जवळ येतात?"

"येतात."

"माझ्यापेक्षा?"

मी खरं ते सांगितलं. "थोडे जास्त जवळ, मामा."

"हां." टीव्हीचा आवाज मोठा झाला, परत कमी झाला. "चाकाला हात लावावा लागतो?"

"चाक नाहीये. बटण आहे."

"मग तू काय करतेस दिवसभर?"

"बसते," मी म्हटलं.

"मी पन," मामा म्हणाले.